जुन्या डिस्को तबकडीखाली ९०९ का टिकत नाही?

ठेकाधारी:
शिकागोच्या 'पॉवर प्लांट' क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स वाजवायचा त्या धाटणीचा सेट बसवतोय. दोन टेक्निक्स १२०० टर्नटेबल (डेक), गोल नॉबांचा रोटरी मिक्सर, रोलँड टीआर-९०९ ड्रम मशीन. सत्तरच्या दशकातल्या तबकडीखाली ९०९ चा किक (बास ड्रमचा ठोका) सोडला की थोडा वेळ बरा चालतो, मग दोन किक वेगवेगळे ऐकू यायला लागतात. टेम्पो दोन्हीकडे १२० मोजलाय. शिवाय चार बारचा (१६ बीटचा) ब्रेक, म्हणजे गाण्यात मुख्यतः ठेकाच उरतो तो तुकडा, रील टेपवर कापून लांबवायचाय. पहिल्यांदाच करतोय.

पिचफेडर:
'१२० मोजलाय' म्हणजे सरासरी १२०. माणूस ड्रम वाजवतोय, तो कोरसला पुढे जातो, व्हर्सला मागे पडतो. ९०९ जागची हलत नाही. फरक फक्त अर्ध्या बीपीएमचा (मिनिटाला किती बीट) धरा: ११९.५ ला एक बीट ५०२ मिलिसेकंदांची, १२० ला ५०० ची. ३२ बीटमध्ये सुमारे ६७ मिलिसेकंद जमतात, आणि तेवढं कुणाच्याही कानाला खटकतं.

म्हणून हात पिच फेडरवरून (तबकडीचा वेग बदलणारी सरकती कळ) उचलायचाच नाही. मशीनला तबकडीच्या मागे धावायला लावू नका, तबकडीलाच मशीनवर आणा. दोन्ही किक एकदम वाजवायचे नाहीत: ९०९ चा किक आला की तबकडीचा बेस मिक्सरवर खाली. नाहीतर थोडीशी चूकही खालचा आवाज पोकळ करते, कारण दोन किकच्या लाटा एकमेकींना खातात. पिच ६ टक्क्यांनी वाढवला की सूर जवळजवळ एक सेमीटोन (अर्धा स्वर) चढतो हेही विसरू नका. मशीनच्या किकला फरक पडत नाही, पण दुसऱ्या डेकवर गाणं असेल तर सूर भांडतात.

कात्री_आणि_पट्टी:
टेपचं सांगतो. १५ इंच प्रतिसेकंद वेगाला १२० बीपीएमची एक बीट साडेसात इंच, चार बार म्हणजे १२० इंच. ही मोजपट्टी फक्त पडताळणीसाठी. पट्टीनेच कापलंत तर फसाल, कारण वरचं ड्रमरचं प्रकरण इथेही आहेच. एक इंच चुकला की ६७ मिलिसेकंद गेले.

खूण कानाने करायची. दोन्ही रील हाताने पुढेमागे हलवा, किकची सुरुवात प्लेबॅक हेडवर नेमकी सापडली की टेपच्या पाठीवर ग्रीस पेन्सिलने रेघ मारा. ब्रेकच्या पहिल्या किकवर एक, ब्रेक संपून येणाऱ्या पुढच्या किकवर दुसरी. हेडला पेन्सिल लावू नका.

स्प्लाइसिंग ब्लॉकवर (टेप कापून जोडायचा खाचांचा ठोकळा) ४५ अंशांत कापा. पाव इंची टेपवर हा तिरका छेद हेडवरून जायला सुमारे १७ मिलिसेकंद घेतो, म्हणून सांधा हळूच मिटतो. सरळ ९० अंशांत कापलं तर टक् होण्याची भीती. ब्लेड चुंबकीय झालेलं असेल तरी टक् येतोच, तेव्हा आधी डीमॅग्नेटाइझ करा. चिकटपट्टी स्प्लाइसिंगचीच, आणि पाठीच्या बाजूने. साधी चिकटपट्टी लावली की काही दिवसांत डिंक बाहेर येतो आणि शेजारचा वेढा चिकटतो.

ब्रेक चारदा हवा तर तबकडीवरूनच चारदा रेकॉर्ड करा. कॉपीची कॉपी केली की दर पिढीला हिस (टेपची सळसळ) वाढतो, आणि ब्रेकमध्ये वाद्यं कमी असल्याने तो तिथेच उघडा पडतो.

ठेकाधारी:
'म्युझिक बॉक्स' क्लबमध्ये डीजे रॉन हार्डी गाणं उलटं वाजवायचा, ते रील उलटवून जमेल? माझा रेकॉर्डर क्वार्टर-ट्रॅक आहे (टेपच्या रुंदीत चार ट्रॅक, प्रत्येक बाजूचे दोन).

कात्री_आणि_पट्टी:
नाही. क्वार्टर-ट्रॅकवर रील उलटवलं की हेडखाली दुसऱ्या बाजूचे ट्रॅक येतात, म्हणजे बहुधा शांतता. हाफ-ट्रॅक मशीनवर (रुंदीत दोनच ट्रॅक) रेकॉर्ड केलेली टेप तिथे उलटी वाजते, फक्त डावं-उजवं बदलतं. चारही ट्रॅक एकदम वाचणारं चार-चॅनेल मशीन मिळालं तर तुमची आत्ताची टेपही चालेल. रील उलटवा आणि ज्या दोन चॅनेलवर आवाज येतोय तेवढेच मिक्सरमध्ये घ्या.

पिचफेडर:
एक राहिलं. सबवूफरजवळ (खालच्या आवाजाचा स्पीकर) डेक ठेवणार असाल तर आधी मोटर बंद ठेवून, सुई तबकडीवर टेकवून आवाज हळूहळू वाढवा. घूं सुरू झाली की डेकखाली जड फरशी आणि फरशीखाली रबर. तरीही घुमलं तर स्पीकरच लांब सरकवा, इक्यूने (बेस-ट्रेबल कमीजास्त करून) झाकू नका.