मदत हवी आहे : घरच्या प्रिंटरला फोटो इंक घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

आईचे जुने फोटो स्कॅन करून घरीच छापतोय, तिला अल्बम द्यायचा आहे. प्रिंटर साधा चार रंगांचा इंकजेट. रंग बरे येतात, पण चेहऱ्यावर आणि फिकट आकाशात बारीक ठिपके दिसतात. आईच्या गालावर ते दिसले की फार खटकतं.

माझ्या प्रिंटरमध्ये काळं कार्ट्रिज काढून त्या जागी फोटो कार्ट्रिज बसवता येतं. त्यात फिकट निळा आणि फिकट गुलाबी रंग असतो, त्यामुळे हलक्या छटांसाठी गडद ठिपके विरळ टाकावे लागत नाहीत, असं वाचलं. पटतंय, पण डोळ्यांना खरंच फरक जाणवतो का?

४ बाय ६ इंचासाठी १२०० बाय १८०० पिक्सेलची फाइल वापरतो, त्यामुळे रिझोल्यूशन कमी नसावं. कागद मात्र साधा मॅट आहे. आधी चांगला ग्लॉसी कागद घेऊन, सेटिंगमध्ये तोच कागद निवडून पाहावं का?

आणखी एक, डाय इंक (द्रवात विरघळलेल्या रंगाची शाई) उजेडात लवकर फिकटते ना? अल्बम वर्षानुवर्षं टिकायला हवा. साधी आणि फोटो अशा दोन्ही इंकने एकच फोटो छापून पाहिलेल्या कुणी अनुभव सांगाल का?