जुनी कॅम्पर व्हॅन: हेडलाइट-वायपर लावले की मीटरचे काटे वर चढतात

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी, २००६ चं मॉडेल आहे, डिझेल, मूळची १७ सीटर, आधीच्या मालकाने सीटा काढून मागे बेड, ओटा, पाण्याचा पंप, वेगळी बॅटरी असं सगळं करून घेतलेलं. इंजिन ठणठणीत पण डॅशबोर्डने डोकं उठवलंय. दिवसा कोरड्यात चालवली तर सगळं ठीक, पण हेडलाइट आणि वायपर एकत्र लावले की टेम्परेचर आणि डिझेल दोन्ही काटे वर सरकतात, मीटरमधले दिवे मंद होतात आणि इंडिकेटर दिला की काटे त्याच्या तालावर नाचतात. परवा पावसात खंबाटकी चढताना टेम्परेचर लालजवळ गेलं म्हणून घाबरून बाजूला घेतली तर कूलंट लेव्हल बरोबर, वाफबिफ काही नाही. खड्ड्यात आपटली की अख्खं मीटर बंद पडून परत चालू होतं ते वेगळंच. एक वायरमन म्हणतो पूर्ण वायरिंग बदला, दुसरा म्हणतो मीटर बदला. घरी मल्टिमीटर आहे, जेमतेम वापरता येतो. काय करू?

गिअरबॉक्स_भोसरी
मीटर नाना पेठेत जुन्या मालात मिळून जाईल, आणा आणि टाका, विषय संपला

जुनं_डिझेल
अहो थांबा, मीटर आणायला पळू नका. टेम्परेचरचा सेन्सर इंजिनवर, डिझेलचा फ्लोट टाकीत, दोन्ही एकाच वेळी कशाला बिघडतील? दोघांचं सामाईक आहे ते मीटरचं सप्लाय आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायची जोडणी). त्यात लोड टाकल्यावर काटे *वर* जातायत, म्हणून माझा संशय सरळ अर्थवर.
असं बघा, त्या काळच्या बऱ्याच मीटरच्या मागे छोटा स्टॅबिलायझर असतो, तो बॅटरीचे १२-१४ व्होल्ट कापून काट्यांना साधारण १० देतो. पण हे १० तो स्वतःच्या अर्थपासून मोजून देतो. मीटरचा अर्थ गंजला आणि वायपरचा करंटही त्याच पॉइंटवरून जात असला की तो पॉइंट एखादा व्होल्ट वर उचलला जातो, सेन्सरचा अर्थ मात्र इंजिनवर, तो जागेवरच. मग काट्यांना तेवढे जास्त व्होल्ट मिळतात आणि दिव्यांना तेवढे कमी. तुमची सगळी लक्षणं यात बसतात.
तपासायला पैसा लागत नाही. इंजिन चालू, हेडलाइट वायपर चालू, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशावर (क्लॅम्पवर नको), लाल पिन मीटरच्या अर्थच्या वायरला. ०.१-०.२ आलं तर अर्थ चांगला, मी चुकलो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर चोर सापडला. मग तिथून बॅटरीच्या मायनसला तात्पुरती जाड वायर लावा, काटे खाली आले की झालंच सिद्ध. आणि काहीही खोलायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा, प्लीज.

कॅम्परवाली
दादा बरोबर सांगतायत. मी एक जोडते, कॅम्पर करताना पंप, चार्जिंग सॉकेट, एलईडी पट्ट्या यांच्या काळ्या वायरी जवळ दिसेल त्या स्क्रूला बांधून टाकतात, बऱ्याचदा रंगावरच. आधी ते बघा. काचेच्या बीडिंगमधून पाणी डॅशखाली उतरतंय का तेही बघा, पुण्याच्या पावसात हे हमखास. अजून एक, चावी ऑन केल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो ना? जुन्या डायनॅमोला (म्हणजे अल्टरनेटरला) सुरुवातीचा करंट त्या दिव्यातून मिळतो, तो दिवा गेला तर चार्जिंग सुरूच होत नाही असंही होतं. चालू इंजिनला बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. आणि १० अँपिअरचा फ्यूज उडाला म्हणून २० चा घालू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि तुमच्या मागे गॅसची शेगडी आहे.

सिंहगडरोडकर
दादा १.३ व्होल्ट आले!! जाड वायर लावल्याबरोबर दोन्ही काटे खाली. ड्रायव्हरच्या पायाजवळचं पॅनेल काढलं तर एकाच स्क्रूवर मीटर, वायपर, पंप, सॉकेट सगळ्यांच्या काळ्या वायरी, आणि थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) गंजून हिरवंगार. पॉलिश पेपरने पत्रा उघडा होईपर्यंत घासला, नवीन थिंबल, दातेरी वॉशर, वरून व्हॅसलिन. पंप आणि सॉकेटची मायनस वेगळी काढून थेट मागच्या बॅटरीला नेली. आता ०.०८ येतंय. चार्जिंग १४.१, लाल दिवा लागतो. पण खड्ड्यात मीटर अजून बंद पडतंच.

जुनं_डिझेल
भारी काम. खड्ड्याचं दुखणं वेगळं, तो बहुतेक सप्लाय आहे. चावी ऑन ठेवून मीटरमागचा कप्लर (वायरींचा प्लग) हलवा, मग फ्यूज, मग इग्निशन स्विचच्या वायरी, एकेक करून. ज्याला हात लावल्यावर मीटर मिचमिचेल तिथेच लूज. कप्लर निघाला तर पिना काळ्या पडल्यात का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर तपकीर गल्लीत मिळतो.

गिअरबॉक्स_भोसरी
बरं झालं मीटर नाही आणलं. इग्निशन स्विच निघाला तर सांगा, तो मात्र नवीनच घ्या, जुन्या मालातला नको

सिंहगडरोडकर
रविवारी बघतो, फोटो टाकतो.