एक मीटर खणाच्या कापडात बाळाची डायपर बॅग बसेल का?

सुईदोरा_सातारा
खणआळीतून घेतलेला हिरवा खण आहे, एक मीटर. पन्हा (कापडाची रुंदी) २९ इंच, दोन्हीकडे काठ. भाचीच्या बारशाला बॅग शिवून द्यायची आहे. तयार माप १५ इंच रुंद, १२ उंच, ५ खोल. काठ वर, तोंडाशी आडवा यायला हवा. मशीन घरचं साधं, पायाचं. कापड पुरेल का? आतून काय लावावं? फोम घातला तर मशीन ओढेल का?

टाका_मिरज
ताई, आधी हिशोब. पुढचा-मागचा भाग अखंड कापायचा तर प्रत्येकी रुंदी १५ + ५ + शिलाईचा १ = २१ इंच. उंची १२ + तळाचे २॥ (खोलीचा अर्धा) + शिलाईचा १ = १५॥. काठ आडवा हवा म्हणजे २१ इंच खणाच्या लांबीत जाणार. दोन्ही काठांकडून एकेक भाग काढायला पन्हा ३१ लागतो, तुमचा २९. एकाच काठावर शेजारीशेजारी मांडले तर लांबी ४२ लागते, एक मीटर म्हणजे जेमतेम ३९. खण फिरवून कापला तर दोन्ही भाग बसतात, पण काठ बॅगेच्या कडेला उभा येतो.

म्हणून तळ वेगळ्या कापडाचा करा. खण २१ × ११ चे दोन तुकडे, जाड कॅनव्हास किंवा गडद डेनिम २१ × ५॥ चे दोन. जोडशिलाईत एक इंच जातो आणि उंची बरोबर १५॥ भरते. आता दोन्ही काठांना मिळून पन्हा २२ पुरतो, लांबी २१. उरलेल्या १८ इंचांत बाहेरचा खिसा आरामात निघेल. आणि तसंही बॅग एसटी स्टँडवर खाली टेकणारच, तिथे खण नकोच.

खोलीसाठी खालच्या कोपऱ्यांतून २॥ इंचाचे चौकोन कापायचे, ते कापडाच्या कडेपासून मोजून. शिलाईच्या रेषेपासून मोजलेत तर खोली ५ ऐवजी ६ होते, रुंदी एक इंच आणि उंची अर्धा इंच घटते. नव्याने शिवणाऱ्यांची बॅग बसकी होते ती बहुतेक इथेच.

गोधडीवाली_सांगली
खण कापण्याआधी मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा. हा क्रम उलटा झाला की कडेचे धागे सुटत राहतात आणि अर्धा इंच शिलाई पाव इंचावर येते. बाजारातल्या बऱ्याच खणांत आर्ट सिल्क असतं, जास्त तापलेल्या इस्त्रीखाली ते आक्रसतं. वर सुती कापड टाका, इस्त्री मध्यम, वाफ बंद. दाबायची, दहा-बारा सेकंदांनी उचलायची, घासत न्यायची नाही. नेलीत तर काठ वाकडा होतो आणि मग तो सरळ होत नाही. आधी एका चिंधीवर बघा. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून रंग जातो का तेही बघा, हिरवा-लाल हमखास संशयित.

फोमबद्दल माझं मत वेगळं. साताऱ्याच्या पावसात भिजलेला फोम लवकर वाळत नाही, वास धरतो. त्यापेक्षा जुन्या धुतलेल्या सुती साडीचे तीन-चार थर, दीड-दोन इंचांवर धावदोरा. बॅग मऊ राहते, उभी मात्र कमी राहते.

टाका_मिरज
उभी राहिली नाही तर एका कडेवर बाळ घेऊन दुसऱ्या हाताने दुपटं कसं काढणार? फोम ४-५ मिमीचाच घ्या आणि शिलाईच्या जागेतला कापून टाका, म्हणजे मशीनही ओढेल. सुई १६ नंबर, पट्ट्याच्या जोडावर १८. टाका ३ ते ३॥ मिमी. जाड जोडावर पाय मारू नका, चाक हाताने फिरवा. सुई मोडते ती नेमकी तिथे.

पट्ट्याला दीड इंची निवार. ती नुसत्या खणावर शिवू नका, भरलेली बॅग तीन-चार किलोंची होते आणि खण धाग्याधाग्याने फाटत जातो. मागे कॅनव्हासचा दोन इंची तुकडा, वर शिलाईचा चौकोन आणि त्यात फुली. चेन ५ नंबरची प्लास्टिकची, २४ इंच घ्या, तोंड २० इंचांचं आहे. रनर मधोमध ठेवून दोन्ही टोकं आडवी शिवा, मगच जास्तीची कापा.

सुईदोरा_सातारा
पातळ फोम घेते. अस्तराला रेक्झिन की पीयूएल (पाणी अडवणारा लेप असलेलं कापड)? वेल्क्रो चालेल का?

गोधडीवाली_सांगली
पूर्ण अस्तर सुती, फिकट रंगाचं; आत काय पडलंय ते दिसतं. पीयूएल फक्त ओल्या लंगोटांच्या वेगळ्या पिशवीला, ती काढून धुता येते. त्याला टाचण्या लावू नका, प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं; कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. बुळबुळीत बाजू मशीनच्या पायाखाली अडकली तर वर बटर पेपर ठेवून शिवा, मग फाडून काढा.

वेल्क्रो नको. उघडताना झोपलेलं बाळ जागं होतं आणि खणाचे धागे त्यात ओढले जातात. गोंडे, मणी, आरसेही नकोत, बाळ तोंडात घालतं.

बाटलीच्या खिशासाठी बाटलीचा घेर मोजा. घेर ८ असेल तर कापड १० रुंद, वर दुमडीत ७ इंच इलॅस्टिक, खाली चुण्या. खिसा अस्तराच्या खालच्या कडेपासून ३ इंचांच्या वरच लावा, नाहीतर कोपरा शिवताना त्यात सापडतो. अस्तराच्या बाजूच्या शिलाया पाव इंच जास्त आत घ्या, आत गोळा होत नाही. तळाशी उलटवायला सात इंच तोंड सोडा. फोमची बॅग चार इंचांतून ओढलीत तर शिलाई उसवेल.