शेजारी उचलून नेतील म्हणे!

तितूरकाठ: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. "पुरासाठी अपंगांच्या याद्या कशाला? खान्देशात माणुसकी आहे, शेजारी खाटेसकट उचलून नेतील." ऑगस्ट 2021 च्या अखेरीस चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्या फुगल्या, तेव्हा आमच्या काकांनाही नेलं उचलून. उपकारच त्या पोरांचे. पण चाकाची खुर्ची पाण्यात राहिली, लघवीच्या नळ्या-पिशव्याही. शाळेत सतरंजीवर टाकलेला माणूस, संडासाला तीन पायऱ्या. 2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 8 वाचा. जिल्हा आपत्ती प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवायची, असं सरळ लिहिलंय.

केळीवाला: पोस्ट माझीच. यादी निघाली की बोगस दाखलेवाले पुढे. आमच्याकडचा 'अस्थिव्यंग' बुलेट उडवतो आणि आंधळा म्हातारा दाखल्यासाठी खेटे घालतो.

रावेरची पोर: बोटीत बसायला कोण खोटा दाखला काढतं हो? हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की दवंडी, भोंगा. माझी बहीण जन्मापासून बहिरी. रात्री तिला कोण उठवणार, तुमची माणुसकी?

भुसावळी: पुराचंच काय घेऊन बसलात? मे महिन्यात 45 अंशांत या इकडे. मानेच्या मणक्याला मार बसलेल्याला खालच्या अंगाला घाम फुटत नाही, कूलर बंद पडला की ताप चढतो. आणि दीपनगरला वीज बनते, शेजारी आम्ही अंधारात!

केळीवाला: तुमचा कूलर! आम्हाला मोटरीसाठी रात्रीची लाइट, साप तुडवत पाणी भरतो.

भुसावळी: तारेवर आकडे टाकणाऱ्यांमुळेच डीपी, ट्रान्सफॉर्मर जळतो.

केळीवाला: आकडा कोणाला म्हणतो रे? बिलं दाखवू का?

पांझराकर: काय भो, विषय काय अन् तुम्ही काय भांडी राह्यनात! ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दिव्यांगांचा 5 टक्के निधी कुठे जातो, ते विचारा कोणीतरी.

केळीवाला: बरं बाबा, करा यादी. पण तलाठ्याकडून नको, तो गावात दिसतो कधी? कोण खाटेवर, कोणाला ऐकू येत नाही, सगळं आशाताईला पाठ. तिला जादा मानधन द्या मग, फुकट राबवू नका.

तितूरकाठ: वा, काल माणुसकी पुरत होती, आज मानधनापर्यंत आलात. खुर्ची आणि नळ्यांचा रकानाही घाला त्या यादीत.

भुसावळी: घाला काय घालायचं ते. इथली लाइट दुपारपासून गेलीये, तिचं बोला.