मदत हवी आहे : १९६७ च्या एमजीबीचं टायमिंग, कात्रज घाटात नॉकिंग

नमस्कार मंडळी, काकांची १९६७ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) सध्या मी बघतोय, १७९८ सीसी इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि पॉइंटवाला (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क असलेला) जुना डिस्ट्रिब्युटर. पॉइंटचा गॅप १५ थाऊ (०.०१५ इंच) ठेवलाय, व्हॅक्यूमचा पाइप काढून बंद करून टायमिंग लाइट लावला आणि मॅन्युअलप्रमाणे ६०० आरपीएमला टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या १४ डिग्री आधी सेट केलं (खुणा पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, त्यामुळे गाडीखाली झोपूनच बघावं लागतं, कोणी केली ही डिझाइन देव जाणे). आयडलला इंजिन मस्त चालतं पण कात्रज घाट चढताना थर्डमध्ये जोर दिला की टकटक (नॉकिंग) सुरू होते. दोन-तीन डिग्री मागे घेतलं की आवाज जातो पण पिकअप मार खातो आणि इंजिन गरम पडतं.

मला शंका आहे की डिस्ट्रिब्युटरच्या आत, वेग वाढला की ठिणगी आधी आणणाऱ्या वजनांच्या स्प्रिंग ढिल्या पडल्यात आणि तो ॲडव्हान्स लवकर येतोय. मॅन्युअलमधला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठीचा, आता तर पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) मिळतं, मग तोच धरायचा का? की आयडल सोडून ३००० च्या पुढे टोटल ॲडव्हान्स बघून सेट करू, आणि तसं असेल तर किती डिग्री? शिवाय पुण्यात अजून कोणाकडे डिस्ट्रिब्युटर टेस्ट करायचं मशीन चालू आहे का? नाना पेठेत, भोसरीत, कुठेही चालेल. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट टाक असं प्लीज नका सांगू, काकांना पॉइंटच हवेत आणि मलाही.