कानालेत्तोच्या चित्रातली शेवाळाची रेघ

कानालेत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची व्हेनिसची चित्रं म्हणजे श्रीमंत इंग्रज प्रवाशांसाठी काढलेली पिक्चर पोस्टकार्डं, असं काही जण म्हणतात. गिऱ्हाईक इंग्रज होतं हे खरंच. युद्धामुळे प्रवासी आटले तेव्हा 1746 मध्ये तो स्वतःच लंडनला गेला. पण म्हणून त्या चित्रांना कमी लेखणं मला अजिबात पटत नाही.

त्यातल्या राजवाड्यांच्या भिंती अगदी पाण्यालगत निरखून बघा. भरतीचं पाणी नेहमी जिथवर चढतं तिथवर शेवाळाचा हिरवट-तपकिरी पट्टा दिसेल. कानालेत्तो रेखाटनांसाठी कॅमेरा ऑब्स्क्युरा (समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पाडणारी पेटी) वापरायचा असं मानलं जातं, त्यामुळे हा पट्टासुद्धा मापात उतरलाय. दारिओ कामुफ्फो या इटालियन शास्त्रज्ञाने त्याच्या आणि त्याचा भाचा बेलोत्तो याच्या चित्रांतली ही रेघ त्याच इमारतींवरच्या आजच्या रेघेशी ताडून पाहिली. फरक निघाला सुमारे 60 सेंटिमीटर! काही जमीन खचल्यामुळे, काही समुद्र चढल्यामुळे. तिथल्या भरती मोजणाऱ्या यंत्राने घेतलेल्या नोंदी एकोणिसाव्या शतकात सुरू झाल्या. पण त्याआधीचं, अठराव्या शतकातलं पाणी कुठवर होतं ते या चित्रांवरून मोजता आलं. मी तर हे कळल्यापासून कानालेत्तोचं कुठलंही चित्र आधी खालच्या कडेपासून बघते.