मदत हवी आहे : फेडररचा २०१७ चा बॅकहँड मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी टेनिस कधी खेळलेलो नाही, वर्षानुवर्षं फक्त पाहत आलोय. त्यामुळे जे खेळतात, त्यातही एका हाताने बॅकहँड (रॅकेटच्या हाताच्या उलट बाजूला आलेल्या चेंडूवरचा फटका) मारतात, त्यांची मदत हवी आहे.

सध्या वही-पेन घेऊन २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल पुन्हा पाहतोय. फेडरर वि. नदाल, ६-४, ३-६, ६-१, ३-६, ६-३. पाचव्या सेटमध्ये फेडरर १-३ ने मागे होता आणि तिथून त्याने सलग पाच गेम घेतले. गुडघ्यामुळे सहा महिने बाहेर राहून आलेला, पस्तिशीचा माणूस! तो सेट आजही बसून पाहवत नाही मला, उठून येरझाऱ्या घालतो.

नदालचं जुनं हत्यार सगळ्यांना ठाऊक आहे. डावखुरा फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका), भरपूर टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी), क्रॉसकोर्ट, म्हणजे कोर्टात तिरका. चेंडू टप्पा पडून फेडररच्या बॅकहँडला थेट खांद्यापर्यंत उसळायचा आणि एका हाताने तिथून जोर लावणं महाकठीण. २००८ च्या फ्रेंच ओपन फायनलमध्ये तर ६-१, ६-३, ६-० झालं होतं. मेलबर्नच्या या २०१७ च्या फायनलला मात्र तोच बॅकहँड सपासप चालला. त्यानंतर इंडियन वेल्स, मायामी, शांघाय या स्पर्धांतही, त्या वर्षी नदालला एकदाही जिंकू दिलं नाही.

कारणं वाचली आहेत. २०१४ मध्ये त्याने ९० ऐवजी ९७ चौरस इंचांची रॅकेट घेतली, बेसलाइनला (कोर्टाच्या मागच्या रेषेला) चिकटून उभा राहू लागला, चेंडू वर चढत असतानाच घेऊ लागला, सर्व्हिस परतवताना नुसता स्लाइस (चेंडूखालून कापल्यासारखा, उलट फिरकीचा फटका) न करता सरळ फटका मारू लागला. पटतं सगळं. पण मला ते स्वतःच्या डोळ्यांनी, पॉइंट पाहून पकडता यायला हवं आणि तिथेच गाडी अडते.

वहीत मी विनर (प्रतिस्पर्ध्याला गाठताच न आलेला फटका), अनफोर्स्ड एरर (दबाव नसताना स्वतःहून केलेली चूक), स्लाइस असे रकाने केले होते. एकच सेट दोनदा मोजला तर आकडे जुळेनात. पहिल्यांदा ज्याला स्लाइस लिहिलं, दुसऱ्यांदा तो मला नुसती रॅकेट आडवी धरून परतवलेला चेंडू वाटला. शिवाय या रकान्यांत पॉइंटचा शेवट तेवढा दिसतो. ५-३ होण्याआधीची ती २६ फटक्यांची रॅली घ्या. फेडररने ती फोरहँड डाउन द लाइन (बाजूच्या रेषेलगत सरळ) मारून संपवली, म्हणून माझ्या वहीत 'फोरहँड विनर'. त्याआधी त्या रॅलीत बॅकहँडने काय केलं, त्याला जागाच नाही.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. तो मागून, उंचावरून बघतो, त्यामुळे चेंडू कमरेशी घेतला की खांद्याशी, हे कळत नाही. बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्र पाहायला गेलो होतो तेव्हा खालच्या रांगेत बसल्यावर पहिल्यांदा समजलं की चेंडू किती उसळतो! टीव्हीवर तो सपाट वाटतो. मग उंचीऐवजी पायांकडे बघावं का? फटका मारताना पाय बेसलाइनच्या आत की मागे, एवढंच नोंदवलं तर चालेल? की टप्पा आणि फटका यांच्यातला वेळ स्लो मोशनमध्ये मोजावा?

सगळ्यात मोठा प्रश्न कार्यकारणाचा आहे. फेडररने चेंडू लवकर घेतला म्हणून नदालला वेळ मिळाला नाही, की नदालचेच फोरहँड आखूड पडत होते म्हणून फेडररला पुढे सरता आलं? नदालच्या प्रत्येक क्रॉसकोर्ट फोरहँडचा टप्पा सर्व्हिस लाइनच्या (नेट आणि बेसलाइनच्या मधल्या रेषेच्या) किती मागे पडला ते लिहिलं तर उलगडा होईल का? कोणी असं करून पाहिलंय?

शनिवारी पाचवा सेट पहिल्या पॉइंटपासून पुन्हा लिहायला बसणार आहे. चारपेक्षा जास्त रकाने मला झेपणार नाहीत. तुम्ही असता तर कोणते चार आखले असते?